आरमाराचा पाळणा भिवंडीच्या खाडीत हलला

१/८ भिवंडी म्हटली की यंत्रमाग आणि गोदामे. शिवकाल म्हटला की रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग. या दोहोंचे काही नातेच नाही, अशी समजूत आपण करून घेतली आहे. ती खोडून काढण्यासाठीच हा प्रपंच.

२/८ ऑक्टोबर १६५७. आदिलशाही अंमलातील कल्याण आणि भिवंडी महाराजांनी स्वराज्यात आणली. लगोलग, जानेवारी १६५८ मध्ये माहुलीही घेतला. १६३६ मध्ये शहाजीराजांना ज्या गडावर शरणागती पत्करावी लागली, तोच हा माहुली.

३/८ या साऱ्यातून लोकस्मृतीने काय उचलले? कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा! समकालीन साधनांत ती आढळत नाही. महाराजांची थोरवी अशा दंतकथेच्या कुबड्यांवर उभी नाही.

४/८ साधनांत आढळते ते याहून मोलाचे आहे. १६५९ चा पोर्तुगीज पत्रव्यवहार पाहा: शहाजीचा पुत्र कल्याण, भिवंडी आणि पनवेल येथे लढाऊ जहाजे बांधवीत आहे, अशी चिंता त्यात व्यक्त झाली आहे. उल्हासच्या मुखाशी वसईचा कोट त्यांचा, धास्ती वाटणारच.

५/८ ‘पण जहाजे तर फिरंग्यांनी बांधली!’ हा ठरलेला आक्षेप. रुय लैतांव व्हियेगस आणि त्याचा पुत्र फेर्नांव या कामावर होते, हे खरे. परंतु वसईच्या पोर्तुगीजांनी त्यांना फितवले आणि ते काम टाकून निघून गेले, हेही तितकेच खरे. तरीही मराठी गलबते दर्यावर उतरलीच. ती कोणाच्या हातांनी? या किनाऱ्यावरील सुतार, लोहार आणि दर्यावर्दींच्या, हाच सरळ निष्कर्ष निघतो.

६/८ दुसरा आक्षेप: १६६१ मध्ये मोगलांनी कल्याण-भिवंडी घेतली, मग महत्त्व कसले? आरंभ जेथे झाला ते स्थळ पुढे हातचे गेले, म्हणून आरंभ पुसला जात नाही. शिवनेरीही महाराजांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. म्हणून ते जन्मस्थान नव्हे काय?

७/८ सिंधुदुर्गाची पायाभरणी नोव्हेंबर १६६४ ची. भिवंडीचे काम त्याच्या किमान पाच वर्षे आधीचे. कळसाला मुजरा करणाऱ्यांनी पायाचा दगड विसरावा, हा न्याय नव्हे.

८/८ मित्रहो, जयजयकाराने इतिहास जपला जात नाही; तो स्थळे ओळखल्याने जपला जातो. जी खाडी आपण ओळखत नाही, तिच्यात भराव पडताना आपले मन कळवळत नाही. पुढच्या वेळी भिवंडीच्या पुलावरून जाताना नाक मुरडण्याआधी क्षणभर पाण्याकडे पाहा. स्वराज्याने समुद्राची वाट येथून धरली.