कर्जमाफीची यादी आणि संगणकाचा दोष

यंत्रणा कोलमडली की दोष संगणकाचा, ही आपल्याकडील रीतच झाली आहे. २०१७ च्या शेतकरी कर्जमाफीत वऱ्हाडाने तिचा पुरेपूर अनुभव घेतला. २४ जून २०१७ रोजी दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीची, एकूण ३४ हजार २२ कोटी रुपयांची घोषणा झाली. अर्ज मात्र ऑनलाइन. अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतील शेतकरी डवरणी-निंदणाची कामे टाकून सेवा केंद्रांपुढे रांगेत उभे राहिले. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटली गेली. पाठोपाठ संकेतस्थळावर आलेली यादी मागे घ्यावी लागली. एकच आधार क्रमांक अनेक खात्यांना जोडलेला असल्याचे बँकांच्या माहितीतून उघड झाले.

खासगी सॉफ्टवेअर उद्योगात असे प्रश्न आधीच हेरण्यासाठी एक स्वतंत्र माणूस असतो. त्याला प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात. तो प्रोग्रॅम लिहीत नाही आणि लिहिणाऱ्यांचा साहेबही नसतो. वापरणाऱ्याची अडचण नेमकी कोणती, आधी काय करायचे आणि काय तूर्त बाजूला ठेवायचे, हे ठरवून प्रोग्रॅमरांना कारणांसह सांगणे हे त्याचे काम. त्याहून अवघड काम उलट दिशेचे आहे. ‘या तारखेला हे होणार नाही’ असे प्रोग्रॅमर सांगतो, तेव्हा ते वरिष्ठांच्या कानावर घालण्याची हिंमत त्याच्यात हवी. कर्जमाफीत दिवाळीची तारीख आधी ठरली. माहितीची छाननी तिच्यामागे फरफटत गेली.

वस्तुत: खरी माहिती दर्यापूर वा मूर्तिजापूर तालुक्यातील सेवा सहकारी संस्थेच्या गटसचिवाकडे असते. सातबाऱ्यावर एक नाव, बँकेत दुसरे, आधारवर तिसरेच. कर्ज वडिलांच्या नावे, वडील हयात नाहीत आणि फेरफार अजून झालेला नाही. गटसचिवाच्या टेबलाशी प्रोग्रॅमरांनी दोन दिवस काढले, तर यातले बहुतेक प्रश्न कागदावर उतरतील. ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या शासननिर्णयात एका वाक्यात बसते. प्रोग्रॅममध्ये तिच्या वीस शक्यता होतात आणि प्रत्येकीचे उत्तर कोणीतरी द्यावे लागते. ते मिळाले नाही, तर प्रोग्रॅमर आपल्या समजुतीने रिकामी जागा भरतो. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले योजनेत मार्ग बदलला. मर्यादा दोन लाखांची होती, अर्ज भरण्याची अट नव्हती. बँकांनी माहिती द्यायची आणि शेतकऱ्याने केवळ आधारची पडताळणी करायची. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी आली ती जिल्ह्यागणिक दोन, अशा ६८ गावांपुरतीच, १५ हजार ३५८ खात्यांची. आधी थोडक्यात चालवून पाहावे, चुका दिसल्या की दुरुस्त कराव्यात आणि मग सर्वत्र न्यावे, हीच पद्धत कसलेला प्रॉडक्ट मॅनेजर आपल्या चमूला लावतो. रक्कम मान्य नसेल, तर जिल्हास्तरावर तक्रारीचीही सोय होती. पुढे कोरोनाच्या टाळेबंदीत काम रखडले, तो भाग वेगळा.

अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून निघालेली मुले दरवर्षी हिंजवडीची वाट धरतात. त्यांतल्या कित्येकांच्या घरी पीककर्जाचे पासबुक आहे. गटसचिव कोण, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. शेतीविषयक प्रणालींच्या निविदा निघतात, तेव्हा कंपनीची उलाढाल आणि अनुभव बारकाईने तपासला जातो. ही ओळख असलेला माणूस चमूत आहे का, असेही त्याच निविदेत विचारता येईल.