सिंहाचे खटले आणि एकच घर

सिंह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो आयाळ पिंजारलेला, एकटा वनराज. पंचतंत्रातल्या गोष्टींनी ही प्रतिमा लहानपणीच मनात ठसवलेली असते. प्रत्यक्षात मांजरकुळातला हा सर्वांत कुटुंबवत्सल प्राणी! वाघ, बिबळ्या एकांडे. सिंहाचे मात्र भरले खटले.

या खटल्याचा कणा म्हणजे सिंहिणी. आई, मुली, बहिणी, मावश्या बहुधा जन्मभर एकाच मुलखात राहतात. नर छावे दोन-तीन वर्षांचे झाले की घराबाहेर पडतात, भावाभावांच्या जोडीने भटकतात आणि पुढे दुसऱ्या कळपाचा ताबा घेतात. नवे नर आधीच्या नरांची पिल्ले बहुधा मारून टाकतात. म्हणून सिंहिणी पिल्ले एकत्र वाढवतात, एकमेकींच्या पिल्लांना पाजतातही.

शिकारीचेही तसेच. नामिबियातल्या एतोशाच्या उघड्या माळावर सिंहिणींनी कामे वाटून घेतलेली अभ्यासकांना दिसली. काही जणी दोन्ही बाजूंनी वळसा घालून सावज उठवतात, मधल्या दबा धरून बसतात. पण टांझानियातल्या सेरेंगेटीत वेगळेही दिसले. सावज सोपे असेल तर एखादीच धावते, बाकीच्या बघत राहतात. रानरेड्यासारखे बलदंड जनावर असले तर साऱ्या पुढे सरसावतात. शिकार पडली की ‘सिंहाचा वाटा’ उचलायला नर हजर! पोटापेक्षाही मुलूख आणि पिल्ले राखण्यासाठी हे एकत्र राहणे अधिक कामी येते, असे तिथल्या अभ्यासातून पुढे आले. आपल्या गीरमध्ये मुख्य भक्ष्य चितळासारखे लहान. त्यामुळे तिथले कळप लहान आणि नर बहुतेक वेळ वेगळे राहतात.

परंतु एका शिकारीवर तोंडाला तोंड लावून जेवणारे, एकमेकांना चाटणारे हे कुटुंब रोगालाही तितकेच उघडे असते. १९९४ मध्ये सेरेंगेटीत कुत्र्यांमधला डिस्टेंपर रोग शिरला आणि सुमारे एकतृतीयांश सिंह गेले. २०१८ मध्ये गीरच्या परिसरात थोड्याच आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले. त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला.

आफ्रिकेत सिंहांना इतर जंगले आहेत. आशियाई सिंहाचे मोकळ्या रानातले घर मात्र एकच, सौराष्ट्र. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोजकेच उरलेले हे सिंह २०२५ च्या गणनेत ८९१ भरले. याचे श्रेय गुजरातचे, तिथल्या मालधाऱ्यांचे आणि गावकऱ्यांचे. ते मोकळ्या मनाने द्यायला हवे. पण सगळी पुंजी एकाच पेटीत ठेवणे शहाणपणाचे नाही. मध्य प्रदेशातल्या कुनोतून सिंहांसाठी २४ गावे उठवली गेली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये सहा महिन्यांत स्थलांतर करा, असे सांगितले. २०२२ मध्ये तिथे चित्ते आले. सिंह आलेच नाहीत. पोरबंदरजवळच्या बरडा अभयारण्यात २०२३ पासून सिंह पुन्हा दिसू लागले, ही गोष्ट आनंदाचीच. पण बरडाही सौराष्ट्रातच आहे. साथ एवढे अंतर सहज ओलांडू शकते.

सिंह ही एका राज्याची शान असेल, पण ठेव साऱ्या देशाची आहे. वयात आलेल्या नराला सिंहांचा कळपही घरी ठेवून घेत नाही. तो बाहेर पडतो, म्हणूनच वंश पसरतो. राज्याराज्यांच्या मानापमानात आपण ती वाट अडवून धरली आहे. पुढची साथ येण्यापूर्वी ती मोकळी व्हायला हवी.