पिशवीचं नाव रस्त्यावर घ्या

पेणच्या गणपती कारखान्यात राबणारी बाई, वीटभट्टीवरची कातकरीण, रोह्याला धाटावच्या एमआयडीसीत झाडू मारणारी. या रोजच चालतात, त्यांच्या चालण्याला कुणी वर्गणी देत नाही. मग बायांच्या आरोग्यासाठी टी-शर्ट घालून चालणाऱ्यांना हसायचं काय?

दोस्तांनो, मी हसत नाही. २०१२ साली मुंबईत पिंकाथॉन सुरू झालं, बाया स्तनाच्या कॅन्सरचं नाव घेत रस्त्यावर धावल्या. लोक पैसे देतात ते दयेनं, कुणी मिरवायला. पण बरेच जण देतात कारण घरातली आई, मावशी अशीच गेलेली असते, अन् ते बोलायला दुसरी जागा नसते. आमच्या वस्तीत ‘अंगावरून जातंय’ हे बाई नवऱ्यालाही सांगत नाही. सोबतीनं चाललं की जीभ सुटते.

आणि पैसा किती लागतो? टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या बायांना शिकवून पिशवीच्या तोंडाची तपासणी करवली. औषध काय, तर व्हिनेगरमधलं आम्ल! २०१३ मध्ये निकाल आला: या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

तरी वर्गणीवर भागवायचं नाही. कारखान्यातल्या बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल १९२८ ला मुंबई कौन्सिलात आलं, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. १९२९ ला कायदा झाला. भीक नव्हती ती.

म्हणून पेणला, रोह्याला चाला, डबा फिरवा. पण मोर्चा सरकारी दवाखान्याच्या फाटकावरून न्या. विचारा, तपासणी कुठल्या वारी? डॉक्टरीणबाई असतात का?