दोघांची पेन्शन

दिवाळीचा फराळ संपत येतो, डब्याच्या तळाशी चिवड्यातला कढीपत्ता तेवढा उरतो, आणि पेन्शनरांच्या घरी नोव्हेंबर सुरू होतो. हा महिना हयातीच्या दाखल्याचा. आपण अजून जिवंत आहोत असे सरकारला कळवावयाचे. न कळविले तर पेन्शन थांबते. २०१४ सालापासून हा दाखला बोटाच्या ठशावर संगणकातून देता येतो. पुढे नुसता चेहरा दाखवूनही काम होऊ लागले. ऐंशी ओलांडलेल्यांना तर ऑक्टोबरातच मोकळीक आहे, आणि टपालवालाही घरी येऊन ठसा घेतो. आमचे नाना स्वतः टपाल खात्यातून निवृत्त झालेले. पण ते बँकेतच जातात, आणि तेही चालत. "जिवंत असल्याचा याहून चांगला पुरावा कोणता?" असे त्यांचे म्हणणे.

मराठी शिकविणाऱ्या माणसाला 'निवृत्त' या शब्दाची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. निवृत्ती म्हणजे प्रपंचातून मन काढून घेणे. प्रत्यक्षात आमच्याकडचा पुरुष साठाव्या वर्षापर्यंतच खरा निवृत्त असतो. सकाळी डबा घेऊन निघाला की घरात दूध किती येते आणि मोलकरणीचा पगार किती, याची त्याला वार्ता नसते. प्रपंचात तो पडतो तो पेन्शनीत निघाल्यावर. मग दुधाच्या पिशव्या मोजल्या जातात. गॅस एवढा मोठा का, असा प्रश्न भाजी फोडणीला पडलेली असताना विचारला जातो. नाना २००१ च्या अखेरीस निवृत्त झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना क्रमांक देण्याची सूचना मांडली. आईने ती ऐकून घेतली आणि त्यांना मंडईत पाठविले. त्या दिवसापासून मंडई त्यांच्याकडे आहे. आई मात्र तेव्हाही निवृत्त झाली नाही आणि आजही नाही. तिच्या खात्यात ती तरतूदच नाही.

पैशाच्या बाबतीत नाना भाग्यवान म्हणावयाचे. निवृत्त होताना त्यांनी पेन्शनीचा चाळीस टक्के भाग विकला, म्हणजे सरकारी भाषेत त्याचे अंशराशीकरण केले, आणि आलेल्या रकमेतून फ्लॅटचे कर्ज फेडले. पंधरा वर्षे कमी पेन्शन घेतली; २०१६ च्या अखेरीस ती पूर्ववत झाली. वर्षातून दोनदा महागाई भत्ता हलतो. करोनाच्या काळात मात्र जानेवारी २०२० पासून त्याचे तीन हप्ते गोठले होते, आणि तेव्हाचे नानांचे अग्रलेख घरातच प्रसिद्ध होत. मी स्वतः १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेला. त्या तारखेपासून महाराष्ट्रात नव्याने लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. त्यामुळे नानांच्या पेन्शनीकडे मी पणजोबांच्या वाड्याकडे पाहावे तसा पाहतो.

वरच्या मजल्यावरचे काका खासगी कारखान्यातून निवृत्त झालेले. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेत किमान पेन्शन महिना हजार रुपये ठरली ती २०१४ साली. यावरून त्या पेन्शनीचा आकार वाचकांच्या ध्यानी येईल. काकांचा संसार व्याजावर चालतो. पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये पंधरा लाखांवरून तीस लाखांवर गेली, तेव्हा त्यांनी चाळीत पेढे वाटले नाहीत एवढेच. दर तीन महिन्यांनी व्याज येते आणि पाच वर्षे ठरलेल्या दरानेच येते. तूरडाळीने मात्र असा कोणाशी करार केलेला नाही. शिवाय बँक बुडाली तर विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच, तेही २०२० पासून. त्यापूर्वी ते एकच लाख होते. म्हणून काकांच्या ठेवी पाच ठिकाणी आहेत. मुदती काकांच्या डोक्यात आहेत. डोके पंचाहत्तर वर्षांचे आहे.

हे मला अलीकडे फार खुपू लागले आहे. आमच्याच इमारतीत असेच एक व्यवस्थित गृहस्थ होते. २०२१ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत, ते आठ दिवसांत गेले. त्यांच्या पत्नीला कपाटाची किल्ली ठाऊक होती, पण कपाटातले कागद काय म्हणतात हे ठाऊक नव्हते. बहुतेक ठेवी एकट्याच्या नावावर. एका ठेवीवर वारस म्हणून नोंद होती ती त्यांच्या आईची, आणि त्या बाई वीस वर्षांपूर्वीच वारलेल्या! मुलगा परदेशात, तो रात्री फोनवरून धीर देई आणि दुसऱ्या दिवशी या बाई पुन्हा रांगेत उभ्या. दीड वर्ष हे चालले. चाळीस वर्षे ज्यांनी महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत दहा रुपयांत भाजी बसविली, त्यांना हिशेब जमला नसता असे कोण म्हणेल? पण तो कधी त्यांच्यासमोर मांडलाच गेला नव्हता. नवऱ्याने लपविले होते असेही नाही. 'तिला उगाच त्रास कशाला' ही आपल्याकडची जुनी माया. या मायेने बायकांना जेवढे रांगेत उभे केले तेवढे रेशनने केले नसेल.

तेव्हा गेल्या महिन्यात एका रविवारी मी नानांना त्यांची फाईल बाहेर काढावयास लावली आणि आईला समोर बसविले. ती तांदूळ निवडत बसली.

नाना शिक्षकाच्या आवाजात सांगू लागले. शेवटचा मूळ पगार शंभर धरला तर पेन्शन पन्नास. ऐंशी पूर्ण झाल्यावर तीत वीस टक्क्यांची भर, म्हणजे साठ. सदुसष्टी ओलांडलेला पेन्शनर गेला की पत्नीला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के. तिची स्वतःची ऐंशी भरली की तिलाही वाढ. आईला अजून दोन वर्षे अवकाश आहे.

"म्हणजे तुमच्यामागे आज साठाचे तीस," आई म्हणाली. "निम्मे."

"हो. पण महागाई भत्ता त्यावरही—"

"तो भाव वाढल्यावर येतो, आधी नाही." तिने एक खडा बाजूला काढला. "वीजबिल तेवढेच राहणार. सोसायटीचे तेवढेच. बाईंचा पगार तेवढाच. दूध अर्धा लिटर कमी. तुमच्या गोळ्या बंद होतील, माझ्या नाहीत. वर्तमानपत्र चालू ठेवीन, शब्दकोडे मीच सोडवते."

नाना जरा दुखावले. "अगं, मी अजून बसलोय इथे!"

"बसलाय म्हणून तर विचारतेय. गेल्यावर कोणाला विचारू? सरकारला दर वर्षी सांगता जिवंत आहे म्हणून. मला एवढे तरी सांगा की पेन्शनचा तो मुख्य कागद कोणता."

तो कागद, पीपीओ, निघाला. त्यात आईच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये आधारकार्डापेक्षा एक अक्षर जास्त होते. शुद्धलेखनाचे अर्धा-अर्धा गुण कापण्यात माझी हयात चालली आहे. पण एका अक्षरासाठी महिन्याची पेन्शन अडू शकते हे पाहून मलाही घाम फुटला. दुरुस्तीचा अर्ज दुसऱ्याच दिवशी गेला. पेन्शनचे खाते दोघांचे आहे, 'दोघांपैकी कोणीही' चालवू शकेल असे, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. कारण कुटुंबनिवृत्तिवेतन त्याच खात्यात येऊ शकते. मग दोनशे पानी वही आली. नाना सांगत गेले आणि आई लिहीत गेली: ठेव, मुदत, पावती कुठे, वारस कोण. तीन ठिकाणी वारसाचा रकाना मोकळा होता. नाना म्हणाले, "तेव्हा राहून गेले असेल." आईने त्या ओळींसमोर तांबड्या शाईने फुली मारली.

सगळे लिहून झाले असे वाटून नाना फाईल बांधू लागले, तोच आई उठली. देवघराच्या खालच्या कप्प्यातून, आरतीच्या पुस्तकांमागून, तिने एक पिशवी आणली. आत पोस्टाच्या आवर्ती ठेवीची पासबुके होती. एकामागून एक पाच वर्षांची, पहिली पार पिवळी पडलेली. दर महिन्याला घरी पैसे न्यायला येणाऱ्या एजंट बाईंना आम्ही सगळे आईची भिशीतली मैत्रीण समजत होतो.

"माझ्या खात्यात!" नाना म्हणाले. "आणि मला पत्ता नाही!"

"तुम्हाला उगाच त्रास कशाला," आई म्हणाली.

नानांनी चष्मा पुसला आणि सवयीने प्रत्येक पासबुकातला वारस तपासला. सगळीकडे त्यांचेच नाव होते.