मोत्याचे पथ्य

फराळाचे ताट पुढे आले की भल्याभल्यांची नियत फिरते. गेल्या दिवाळीत आमच्या साऱ्या घराची फिरली, आणि भोगले मात्र एका मुक्या जिवाने!

या सदराच्या वाचकांना आमचा मोत्या ठाऊक आहे. वैनगंगेपलीकडच्या, गडचिरोलीकडच्या आपल्या गावाहून एका विद्यार्थ्याने पिशवीत घालून आणलेले ते तांबूस पिल्लू आता पाच वर्षांचे झाले. तिसऱ्या वर्षी एका पहाटे ते अंगणात आडवे पडून चारी पाय झाडू लागले. शेजारचे गृहस्थ धावत आले ते चप्पल हुंगवायला. कोणी म्हणाले, कांदा फोडा. दोन मिनिटांत झटका आपोआप ओसरला. मोत्या उठला, पण माझ्या आईकडे त्याने परक्या नजरेने पाहिले. ‘अपस्मार’ म्हणजे स्मरण जाणे, ही फोड मी वर्गात कितीदा केली असेल. तिचा अर्थ त्या सकाळी कळला.

चंद्रपुरातल्या गुरांच्या डॉक्टरांनी तपासून फिनोबार्बिटोन सुरू केले, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा पोटॅशियम ब्रोमाइडची जोड दिली. हे ब्रोमाइड काही आजचे नव्हे. माणसांच्या फेफऱ्यावर ते १८५७ पासून देत आले आहेत. मोत्याला ते लागू पडले. पाच महिने झटका नाही.

मग दिवाळी आली. फराळ करायला बसल्यापासून दहा-बारा दिवस घरात तळणीचा वास. फिनोबार्बिटोनने भूक वाढते. त्यामुळे मोत्या स्वयंपाकघराचा उंबरठा सोडीना. भाऊबीजेच्या रात्री त्याला दोन झटके आले.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “सर, याच्या पोटात काय काय गेलं?”

आई म्हणाली, “एखादी चकली दिली असेल.” मुलीने शेव कबूल केली. सौभाग्यवतींनी खाऱ्या शंकरपाळ्यांचे नाव घेतले. सर्वांत शेवटी मी बोललो. उत्तरपत्रिका तपासताना अर्धा चिवडा मी त्यालाच घातला होता.

“फटाक्यांचा ताणही असेल,” डॉक्टर म्हणाले, “पण हे मीठ आधी थांबवा.” मिठातले क्लोराइड आणि औषधातले ब्रोमाइड हे मूत्रपिंडाच्या लेखी जुळे भाऊ. मीठ वाढले की मूत्रपिंड क्लोराइडबरोबर ब्रोमाइडही बाहेर टाकू लागते आणि औषध पुरे पडत नाही. म्हणून आम्ही घाबरून मीठ एकदम तोडावे, तर तेही चूक. मग ब्रोमाइड अंगात साठते आणि कुत्रे झिंगल्यासारखे चालते. मीठ बंद नव्हे, रोज सारखे!

माझ्यातला प्राध्यापक एवढ्यावर थांबणार थोडाच! वाचनात आले की, लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. फेफऱ्याच्या २१ कुत्र्यांना तीन महिने विशिष्ट, मध्यम लांबीच्या स्निग्धाम्लांचा आहार दिला. तिघांचे झटके थांबले, आणखी सातांचे निम्म्याने किंवा अधिक कमी झाले. सहांवर मात्र काही परिणाम नाही. ही स्निग्धाम्ले खोबरेलातही असतात, एवढे वाचून मी बाटली घेऊनच दवाखान्यात गेलो. म्हटले, आता गोळ्या बंद करू.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “सर, त्या २१ कुत्र्यांच्या गोळ्या चालूच होत्या. गोळी एकाएकी तोडाल, तर झटक्यामागून झटके येतील, आणि त्यात हा जाईलसुद्धा.” खोबरेलात ती विशिष्ट स्निग्धाम्ले थोडीच, निम्मा भाग निराळ्याच आम्लाचा. शिवाय या दोन औषधांवर असलेल्या कुत्र्याला फार तेलतूप घातले तर स्वादुपिंडाला सूज येण्याची धास्ती. बाटली परत आली. आता ती आईच्या केसांच्या कामी येते.

‘पथ्य’ हा शब्द ‘पथ’वरून आला, वाटेला धरून असलेले ते पथ्य. औषधाला वाट मोकळी ठेवणे एवढेच त्याचे काम. औषधाच्या जागी जाऊन बसणे नव्हे. आमची वाट आता ठरलेली आहे. ठरल्या वेळी गोळ्या, आणि डॉक्टरांनी मोजून दिलेला तोच भात, तेच उकडलेले कोंबडीचे मांस. अन्नात बदल करायचा तर त्यांना विचारून, आठवडाभरात हळूहळू. भिंतीवर कॅलेंडर आहे. झटका आला की मुलगी त्यावर तांबडी फुली करते आणि किती मिनिटे चालला ते लिहिते. झटका पाच मिनिटांवर लांबला, किंवा एका दिवसात दुसरा आला, तर तडक दवाखाना.

या वर्षी कॅलेंडरवर दोनच फुल्या आहेत.

सर्वांत अवघड गेले ते आईला. खाऊ घालणे हीच तिची माया. यंदा ती मोत्याच्याच रोजच्या जेवणातला घासभर भात बाजूला काढते आणि फराळाच्या वेळी त्याला हातावर भरवते. त्याला तेवढे पुरते, तिलाही.

तेव्हा वाचकहो, दिवाळीत आमच्याकडे फराळाला अवश्य या. मोत्या तुमच्या गुडघ्याला डोके लावून बसेल, डोळ्यांत जगातले सारे कारुण्य आणील. त्याला थोपटा, त्याच्याशी बोला. पण चकली तुम्हीच संपवा. आणि लाडवातला बेदाणाही खाली पडू देऊ नका, तो कोणत्याही कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो.