ओवी ऐकायची कुणी?

‘कलेतून कुटुंबाच्या जखमा भरून काढा’ अशी आमंत्रणं हल्ली शहरांत फार दिसतात. शनिवार-रविवार, रंग, माती, थोडं नाचणं. सोमवारपर्यंत तीन पिढ्यांचं ओझं हलकं! रंगांना माझी हरकत नाही. हे सगळं ऐकायचं कुणी, एवढंच विचारायचं आहे.

कारण हा प्रयोग आपल्याकडे पूर्वीच होऊन गेला आहे, जात्यावर. हेमा राईरकर, गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेरची ओढ आहे, सासरचा जाच आहे, बाईच्या जन्माला आल्याचा सल आहे, वनवासाला धाडलेली सीता आहे. आईकडून लेकीकडे हे तोंडी आलं. मग घर बरं झालं का? बाई मोकळी झाली, आणि ते कमी लेखू नये. पहाटेच्या त्या तासाने कित्येकींना तगवलं असेल. पण घर तेव्हा झोपलेलं असे. ज्यांच्याबद्दल ओवी होती, त्यांच्या लेखी ती जात्याच्या घरघरीतच जमा. लेकीला ओवी मिळाली, ओवीतला जाचही मिळाला. पुढे गावात पिठाची गिरणी आली आणि जात्यावरचं गाणं थांबलं. जाच कुठे थांबला? (आता तीच ओवी रंगमंचावर ‘ठेवा’ म्हणून टाळ्या घेते, ते वेगळंच.)

याउलट चिलीतल्या बायका बघा. १९७३च्या लष्करी उठावानंतर ज्यांची मुलं, नवरे बेपत्ता झाले, त्या सँतियागोत एकत्र बसून गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवू लागल्या. त्यांना आर्पिएरा म्हणतात. कधी बेपत्ता माणसाच्याच कपड्याचा तुकडा त्यात असे. शिवताना त्या रडल्याही असतील. पण कापडावर प्रश्न होता: ते कुठे आहेत? चर्चच्या आधाराने ती कापडं देशाबाहेर गेली, परक्या लोकांनी विकत घेऊन भिंतींवर लावली. पिनोचेच्या राजवटीला ती खुपली, ती त्या प्रश्नामुळे.

आपल्या कार्यशाळेत आजी येते, आई येते, नात येते. चित्रं होतात, गळ्यात पडणं होतं. आजोबा आणि काका कुठे असतात? मारणाऱ्यासमोर मार खाणारीला बसवा, असं मी म्हणत नाही. त्यात धोका आहे आणि तो पत्करायचा की नाही हे तिनेच ठरवावं. पण ज्या घराने ऐकायचंच नाकारलं, ते ‘कुटुंब’ बरं झालं असं पत्रकात छापू नका. बाईला दोन दिवस उसंत मिळाली, एवढंच छापा.

आणि तिच्याकडून फी जरा कमी घ्या.