हात आणि कोयता



बेणे तोडताना कोयता जंतुनाशकात बुडवा, हे मी दर लागणीला सांगत असतो. खोडवा खुरटा ठेवणारा रोग डोळ्याला दिसत नाही. रोगट उसाचा रस कोयत्याला लागतो नि तोच कोयता पुढच्या निरोगी उसात रोग सोडून जातो. दवाखान्यात हेच काम हात करतात, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर.

१८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी शवचिकित्सा करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले. त्या वॉर्डात एप्रिलमध्ये शंभरात १८ बाळंतिणी दगावल्या होत्या, जूनमध्ये २. तरी दोष आपल्याच हातांचा, हे त्या काळच्या मोठ्या डॉक्टरांच्या पचनी पडले नाही.

आज सगळ्यांना पटते, पण घोडे अडते पाण्यापाशी. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, हे दर्यापूर-अकोटकडच्या बायामाणसांना काय सांगावे! उन्हाळ्यात तर नळाचाही भरवसा नाही. एकटी सिस्टर, वॉर्ड भरलेला, बेसिन पार टोकाला. दर पेशंटमागे ती किती फेऱ्या मारणार? भिंतीवर ‘हात धुवा’चा तक्ता टांगायचा नि वर तिलाच बोल लावायचा, हे काही मला पटत नाही बुवा.

यावर तोड आहे, नि ती आपल्याच धंद्यातली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या हातावर चोळायच्या द्रावणात ८० टक्के इथेनॉल असते, जोडीला थोडे ग्लिसरीन व हायड्रोजन पेरॉक्साइड. २०-३० सेकंद चोळले की झाले. पाणी नको, टॉवेल नको. इथेनॉल निघते मळीपासून. २०२० साली राज्यातल्या कित्येक साखर कारखान्यांनी सॅनिटायझर केले. साथ ओसरली, बाटल्याही गेल्या. माझे मत असे, की ती गरज करोनापुरती नव्हतीच. बाळंतपणाच्या खोलीत ती रोजची आहे.

ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर आपले जे सभासद असतील, त्यांनी हा विषय धरून बसावे. बाटली प्रत्येक खाटेशी हवी. पेशंटला हात लावण्याआधी चोळायचे, लावल्यावर पुन्हा चोळायचे.

मात्र रक्त-घाण लागलेल्या हाताला हे द्रावण चालत नाही, तिथे साबण नि पाणीच लागते. म्हणून प्रसूतिकक्षाला गोड्या पाण्याची वेगळी टाकी, चालू नळासकट, मागावी. दोन्ही मागण्या एकाच अर्जात घाला, नाहीतर बाटली मिळाली म्हणून टाकी राहून जाईल.

— ऊस विकास अधिकारी